‘हिचहायकर्स गाइड’चा सिनेमा आणि तळघरातलं कुलूपबंद कपाट

गोदाकाठ

डग्लस ॲडम्सच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’वरचा सिनेमा २००५ साली आला. परभणीतल्या आमच्या कट्ट्यावर पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं, दोघा-तिघांनी तर पारायणं केलेली. सिनेमा मात्र एकत्र बसून पाहायचा राहूनच गेला होता, तो परवाच्या रविवारी पाहिला. संपल्यावर जी जुंपली ती शेजारच्यांनी खिडकीतून डोकावेपर्यंत. निम्मे म्हणे पुस्तकाचा खून झाला, निम्मे म्हणे तुम्हाला हसताच येत नाही. म्हणून इथं धागा काढतोय. ज्यांनी वाचलंय आणि पाहिलंयही, त्यांनी मोकळेपणानं लिहा. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी जपून, पुढं सगळं कथानक उघडं होणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सिनेमानं गोष्ट बदलली याचं मला काही वाटत नाही. त्यानं बोलणं अर्ध्यात तोडलं, याचं वाईट वाटतं.

उदाहरण देतो. आर्थर डेंट सकाळी उठतो तर दारात बुलडोझर उभा. त्याच्या घरावरून बायपास जाणार आहे. काउन्सिलचा प्रॉसर नावाचा माणूस त्याला ऐकवतो की आराखडा नऊ महिने कचेरीत बघायला ठेवला होता, हरकत तेव्हाच घ्यायची होती. पुस्तकात यापुढं त्या दोघांचं जे चालतं ते माझ्या मते अख्ख्या कादंबरीचा पाया आहे. आर्थर म्हणतो, बघायला ठेवला कसला, मला तळघरात उतरावं लागलं. प्रॉसर म्हणतो, बघायचा विभाग तिथंच आहे. आर्थर म्हणतो, बॅटरी घेऊन जावं लागलं. प्रॉसर म्हणतो, दिवे गेले असतील. आर्थर म्हणतो, जिनाही गेला होता. प्रॉसर म्हणतो, पण नोटीस सापडली ना? आर्थर म्हणतो, हो, सापडली. बंद पडलेल्या संडासात एक कुलूपबंद कपाट होतं, त्याच्या तळाशी होती, आणि दारावर पाटी होती की बिबट्यापासून सावध राहा.

सिनेमात हे बोलणं तळघरापर्यंत येतं आणि संपतं. पुढची बॅटरी, जिना, संडास, कपाट, बिबट्या, सगळं गायब. ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही त्याला एवढंच कळतं की एका माणसाला तळघरात जावं लागलं. यात हसण्यासारखं काय आहे? हसू येतं ते प्रॉसरकडं प्रत्येक वेळी उत्तर तयार असतं म्हणून, आणि ते उत्तर प्रत्येक वेळी कागदोपत्री खरंच असतं म्हणून. तो कुठंही खोटं बोलत नाही. अधिकारी खोटं न बोलता माणसाचं घर पाडू शकतो, हे आपल्याला पायरी पायरीनं खाली नेत ॲडम्स दाखवतो. निम्म्या पायऱ्या काढून टाकल्या तर उतरणार कुठं?

आणि याचा फटका पुढं बसतो. थोड्याच वेळात व्होगॉन नावाचे परग्रहवासी येतात आणि अख्खी पृथ्वी अशाच एका बायपाससाठी पाडायची घोषणा करतात. म्हणतात, आराखडे तुमच्या जवळच्या कार्यालयात, अल्फा सेंटॉरीला, पन्नास वर्षं लावून ठेवले होते. अल्फा सेंटॉरी आपल्यापासून सव्वाचार प्रकाशवर्षं! ही घोषणा सिनेमात आहे. पण कपाट आणि बिबट्या मनात असेल तरच तिचं पूर्ण वजन पडतं.

दुसरी तक्रार फोर्डची, म्हणजे आर्थरच्या परग्रहावरून आलेल्या मित्राची. पुस्तकात फोर्ड प्रॉसरला असा काही शब्दांत गुंतवतो की आर्थरच्या जागी बुलडोझरपुढं चिखलात प्रॉसर स्वतःच जाऊन आडवा होतो. नुसत्या तर्कटानं माणसाला चिखलात झोपवलं! सिनेमातला फोर्ड ढकलगाडीभर बिअर आणतो आणि मजुरांना वाटतो. काम तेच होतं, डोकं मात्र कुठं लागत नाही.

चांगलं काय ते मागाहून लिहीन. आधी तुमचं ऐकू द्या.

कोरडवाहू

मी इथं फार लिहीत नाही, नुसता वाचत असतो. पण ते कपाट वाचलं अन् ऱ्हावलं नाही.

आमच्याकडं रस्त्याचं भूसंपादन झालं. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात हरकत घ्यायला २१ दिवस असतात. अधिसूचना राजपत्रात येती अन् दोन पेपरात छापून येती, त्यातला एक आपल्या भाषेतला. छापून आली, हे खरंच हाये. आमच्या गावात जो पेपर येतो त्यात नव्हती. दुसरीकडं होती. ग्रामपंचायतीत कागद लावला म्हणले. लावला होता. पण ग्रामपंचायत उघडणार ग्रामसेवक आला की, अन् त्याच्याकडं तीन गावांचा चार्ज. बाहेरून जाळीच्या दारातून बघितलं तर बोर्डावर लसीकरणाचं पोस्टर, त्याच्या खाली रोजगार हमीची यादी, अन् तिच्या खाली आमचा कागद, नुसता कोपरा दिसायचा. वडलांनी तो कोपरा बघून वळखला.

आत जाऊन बघितलं तर बारीक अक्षरात गट नंबर अन् क्षेत्र, हेक्टर-आर मध्ये. आमचा गट बरोबर होता, क्षेत्र कमी लिहिलेलं. तालुक्याला गेलो. तिथला साहेब चांगला माणूस होता, चहा पाजला. म्हणला, दुरुस्ती करता येती, पण हरकत मुदतीत यायला पाहिजे होती. मुदत कधी संपली? मागल्या आठवड्यात. मग तुम्ही यायला उशीर का केला?

हे पुस्तक पोरानं मला दिलं. इंग्रजी मला तोडकंमोडकं येतं, तो वाचून इस्कटून सांगत होता. त्या कपाटाशी आलो अन् मी त्याला म्हणलं, थांब, परत वाच. तो साहेब परत माझ्या डोळ्यापुढं उभा राहिला. तोच चहा, तेच बोलणं. लिहिणारा इंग्लंडातला, पण त्यानं आमची कचेरी बघितलेली हाये.

सिनेमात ते नाही म्हणता, तर मग मला बघायचा नाही.

गोदाकाठ

कोरडवाहू दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तो कोपरा वडिलांनी ओळखला, यातच सगळं आलं. तुमच्या क्षेत्राचं पुढं काय झालं?

कोरडवाहू

चालू हाये. लवादाकडं गेलाय.

गंजगोलाई

बापूंनो, सिनेमाच्या बाजूनं कुणीतरी बोलायलाच पाहिजे, तर मी बोलतो. लातूरला हॉस्टेलमध्ये होतो तेव्हा कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर हा सिनेमा आला. पुस्तकाचं नावही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपर, आणि आम्ही पहाटेपर्यंत जागे. पुस्तक मी त्यानंतर शोधलं. सिनेमा नसता तर आज या धाग्यावर मी नसतो.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही पुस्तकालाच मूळ धरताय, पण ते कुठलं मूळ? ही गोष्ट आधी पुस्तक नव्हतीच. ८ मार्च १९७८ ला बीबीसी रेडिओ ४ वर ती मालिका म्हणून सुरू झाली. पुस्तक आलं १९७९ ला. १९८१ ला टीव्हीवर आली, १९८४ ला तिचा कॉम्प्युटर गेम झाला. प्रत्येक वेळी स्वतः ॲडम्सनं गोष्ट फिरवली. रेडिओत एक, पुस्तकात दुसरं, गेममध्ये तिसरंच. सिनेमासाठीही तो पटकथेचे खर्डे लिहीत होता. मे २००१ मध्ये तो गेला, अवघा ४९ वर्षांचा. पुढं कॅरी कर्कपॅट्रिकनं ती पटकथा पुरी केली. सिनेमात जे नवीन आहे, म्हणजे हुमा कवुला हे पात्र, ती दुसऱ्याच्या नजरेनं बघायला लावणारी बंदूक, ते ॲडम्सच्याच डोक्यातलं. मग ‘पुस्तकात नाही’ म्हणून नाकं मुरडायची कशाला? त्याचं त्यानं बदललं.

आणि व्होगॉनांच्या ग्रहावरची ती रांग! व्होगॉनांनी धरून नेलेल्या ट्रिलियनला, म्हणजे आर्थरच्या मैत्रिणीला, सोडवायला अर्ज भरायचा, खिडकीपुढं उभं राहायचं, हा फॉर्म नाही तो फॉर्म म्हणून परत यायचं. पुस्तकात हा प्रसंग नाही, पण पुस्तकाच्या आत्म्याला धरूनच आहे. तिथं आर्थर पुढं होतो, कारण तो ब्रिटिश आहे आणि रांगेत उभं राहणं त्याला येतं. त्या ग्रहावर कुणाच्या डोक्यात विचार आला की जमिनीतून पट्ट्या उसळतात आणि तोंडावर बसतात. विचार करणाऱ्याला चापट! यापेक्षा चांगलं व्होगॉनांचं वर्णन ॲडम्सच्या पुस्तकातही नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि त्या व्होगॉनांची अंगं कॉम्प्युटरवर काढलेली नाहीत, जिम हेन्सनच्या कारखान्यात हातानं बनवलेली आहेत. त्यांच्या गालांवरची चरबी हलताना बघा.

मार्विन या सदा उदास यंत्रमानवाला ॲलन रिकमनचा आवाज आहे. त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

मुकुंदराजांच्या गावची

मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी अकरावीच्या मुलांना मी या पुस्तकातले उतारे वाचून दाखवले आणि मग सिनेमातले तेच प्रसंग दाखवले. मुलांना आधी काही सांगितलं नव्हतं. कुठं हसतात, कुठं नाही, एवढंच बघायचं होतं.

घर पाडायच्या प्रसंगाला पुस्तकात वर्ग हसला. सिनेमात कुणीच हसलं नाही, एक मुलगा म्हणाला की मॅडम, आवाज गेला का? त्याला वाटलं मधला तुकडा कापला गेला. त्याला ‘बिबट्या’ ऐकायचा होता.

पण देवमाशाच्या प्रसंगाला उलट झालं. दोन क्षेपणास्त्रं अंगावर येतात आणि अशक्य वाटणाऱ्या योगायोगानं त्यातल्या एकाचा देवमासा होतो, दुसऱ्याची फुलांची कुंडी. तो देवमासा आकाशातून खाली येताना, जन्मल्याबरोबर, मी कोण, हे काय, ही हवा का, शेपूट का, असं एकेका गोष्टीला नाव देत येतो. जमिनीलाही नाव देतो, तिच्याशी मैत्री होईल का विचारतो. पुस्तकातलं हे जवळजवळ जसंच्या तसं सिनेमात आहे. वर्ग आधी हसला, मग एकदम गप्प झाला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं डोळे पुसले. मुलं आपापसात बोलली नाहीत, मी पण काही बोलले नाही.

म्हणून गोदाकाठ यांचं म्हणणं मला पटतं आणि गंजगोलाई यांचंही. सिनेमाला जमत नाही असं नाही. जिथं त्यानं बोलणाऱ्याला शेवटपर्यंत बोलू दिलं तिथं तो पुस्तकाच्या बरोबरीनं उभा राहतो. जिथं घाई केली तिथं पडतो. देवमाशाचा प्रसंग याचा पुरावा आहे.

गुलमंडी

मॅडमनी नेमकं बोट ठेवलं. मी नाटकवाला, संभाजीनगरचा. प्रा. लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ज्यांनी समोर बसून पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. एकटा माणूस, ५२ पात्रं, मोकळं स्टेज. विमान दिसत नाही, लंडन दिसत नाही, वऱ्हाडही दिसत नाही. सगळं कानावाटे दिसतं. उद्या कुणी खरं विमान, खरं लंडन, पन्नास नट घेऊन त्याचा सिनेमा काढला आणि सरांचं एकेक वाक्य निम्म्यावर आणलं, तर काय उरेल?

‘गाइड’ची जात तीच आहे. ते मुळात रेडिओसाठी लिहिलेलं. गोष्टीतलं ‘गाइड’ नावाचं जे पुस्तक निवेदन करतं, त्याचा आवाज पीटर जोन्सचा होता. शांत, सभ्य, आजोबा नातवाला नीट समजावून सांगतात तसा. पृथ्वी नष्ट झाली हेही तो त्याच सुरात सांगतो. विनोद त्या सुरात आहे. सिनेमात हे काम स्टीफन फ्रायनं केलंय आणि उत्तम केलंय, फक्त त्याला बोलायला दिलंय फार थोडं. चित्रं पळायला लागली की दिग्दर्शकाला वाटतं, लोक कंटाळतील. पण हशा यायलाही थोडी जागा लागते. सोंगी भारुडात सोंग घेऊन आलेला माणूस एकदम विषयावर येतो का? नुसतं इकडं-तिकडं बघण्यात तो लोकांना हसवून घेतो. पैठणच्या नाथांनी ही कला आपल्याला चारशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलीय.

मांजरा

सगळे आर्थर, फोर्ड, मार्विन बोलताय. ट्रिलियनबद्दल कुणी काहीच का लिहीत नाही?

पुस्तकातली ट्रिलियन गणित आणि खगोलभौतिकी शिकलेली आहे. शिकून पोटापाण्याचं काही जमेना तर बेकारांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा आकाशगंगेचा दोन डोक्यांचा अध्यक्ष झाफॉड याच्याबरोबर अंतराळात गेली. किती छान सुरुवात आहे! मी स्वतः एमएस्सी करून घरी बसलेली होते तेव्हा हे वाचलं आणि वाटलं, ही माझी मैत्रीण. आणि पुढं पुस्तकभर तिला काम काय? आकडे वाचून दाखवायचे आणि झाफॉड मूर्खपणा करतो तेव्हा कपाळाला हात लावायचा. पुस्तकावर माझं प्रेम आहे म्हणूनच ही तक्रार करतेय. ॲडम्सनं तिला वाऱ्यावर सोडलं.

सिनेमानं तिला जास्त जागा दिली. आर्थर आणि तिच्या प्रेमाची गोष्ट मध्यभागी आणली त्यावर पुस्तकवाले चिडतात. मलाही तो भाग मिळमिळीत वाटतो, शेवटी ती कुणाला मिळणार एवढ्यावरच गाडी येते. पण त्या बंदुकीचा प्रसंग मात्र मला खूप मोलाचा वाटला. ती ज्याच्यावर झाडाल त्याला तुमच्या मनात काय चाललंय ते कळतं. संतापलेल्या गृहिणींच्या संघटनेनं ती बनवून घेतली होती, नवऱ्यांशी वाद घालताना ‘तुला कळतच नाही’ असं शेवटी म्हणावं लागू नये म्हणून. आणि बायकांवर तिचा फारसा परिणाम होत नाही, कारण त्यांना ते आधीच जमतं. ट्रिलियन ती झाफॉडवर झाडते. पृथ्वी पाडायच्या आदेशावर त्यानं बेफिकिरीनं सही केली होती. त्या क्षणापुरतं त्याला कळतं की आपण हिचं काय केलंय.

मी आईबरोबर सिनेमा बघितला. तिला इंग्रजी येत नाही, मी सांगत होते. बंदुकीचं कळल्यावर ती म्हणाली, ही आपल्याकडं कुठं मिळती का बघ.

गंजगोलाई म्हणतात तसं हे ॲडम्सचंच असेल तर मला वाटतं, पुस्तक लिहिल्यानंतरच्या वर्षांत ट्रिलियन त्याच्या मनात वाढत राहिली असणार.

गंजगोलाई

मांजरा ताई, आईंना नमस्कार सांगा. शेवटी मार्विन तीच बंदूक व्होगॉनांच्या फौजेवर झाडतो आणि सगळी फौज एकदम उदास होऊन खाली बसते. ज्याचं दुःख कुणी ऐकून घेत नव्हतं त्याचं दुःख अख्ख्या फौजेला पेलवलं नाही. हे पुस्तकात नाही, आणि असायला पाहिजे होतं.

नाथसागर

मला विनोदाबद्दल लिहायचं नाही, किंवा असंही म्हणता येईल की त्याच्याच दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचंय.

आमचं मूळ गाव जायकवाडीच्या पाण्याखाली आहे. धरणाचं भूमिपूजन १९६५ ला झालं, उद्घाटन १९७६ ला. मी जन्मलो नव्या गावठाणात. आजीकडून जुन्या गावाबद्दल खूप ऐकलं. पण ती जमीन किती गेली, वाडा केवढा होता हे कधी सांगायची नाही. विचारलं तर म्हणायची, गेलं ते गेलं. डोळ्यात पाणी यायचं ते एकाच गोष्टीला. जुन्या गावच्या आडाचं पाणी गोडं होतं, त्यात तुरीची डाळ एका उकळीत शिजायची. नव्या गावठाणात बोअरचं पाणी. डाळ टाकली की तासभर चुलीवर, तरी दाणा अख्खाच. आजी डाळ घोटता घोटता मधेच थांबायची. आम्ही पोरं म्हणायचो, आजी रडतीय, धूर गेला डोळ्यात.

आता पुस्तकातलं ते प्रकरण काढा. पृथ्वी गेल्यावर आर्थर व्होगॉनांच्या यानात अंधारात बसलाय. काय गेलं ते मनात आणायचा प्रयत्न करतोय. इंग्लंड नाही उरलं, असं स्वतःला सांगतो. काही वाटत नाही, एवढं मोठं मनात मावत नाही. अमेरिका नाही. तरी काही नाही. न्यूयॉर्क, डॉलर, जुने आवडते सिनेमे, एकेक लहान करत येतो. मग त्याच्या मनात येतं की आता मॅकडोनाल्डचा हॅम्बर्गर नावाची गोष्ट कुठंच उरलेली नाही. तिथं तो बेशुद्ध पडतो, आणि शुद्धीवर येतो तेव्हा आईसाठी रडत असतो.

लोक याला विनोद म्हणतात आणि तो आहेच. पण मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आजीची डाळ आठवली. माणसाला अख्खं गाव एकदम आठवून रडता येत नाही. डाळीपर्यंत यावं लागतं.

सिनेमा इथं थांबतच नाही. पृथ्वी गेली, पुढं चला. शिवाय शेवटी पृथ्वी परत बनवून देतात, आर्थरचं घर जसंच्या तसं, बाग, दूधबाटल्या, सगळं. पुस्तकात ती परत चालू करत नाहीत, आर्थर आणि मंडळी जेवायला दुसरीकडं निघून जातात. बाकी सगळं मला चालेल, पण पृथ्वी परत देणं मला पचलं नाही. २०१६ च्या दुष्काळात नाथसागराचं पाणी खूप खाली गेलं तेव्हा आम्ही आजीला घेऊन गेलो होतो. गाळात जोती दिसत होती. आजीनं आड कुठं असेल तो अंदाजानं दाखवला, आणि म्हणाली, चला आता. पाडलेलं गाव कुणी परत बांधून देत नाही. इतकी मोठी सांत्वना खोटी वाटते.

कोरडवाहू

नाथसागर, आमच्या शेताशेजारी जायकवाडीचे धरणग्रस्त वसलेत. त्यांची म्हातारी माणसं पाण्याबद्दलच बोलत्यात. डाळीचं मी पण ऐकलेलं हाये.

गोदाकाठ

इतके दिवस हे पुस्तक मी ‘सरकारी कारभाराची थट्टा’ म्हणून लोकांना देत आलो. नाथसागर यांच्या प्रतिसादानंतर ते तेवढंच वाटत नाही. इंग्रजीत या पुस्तकाचं नाव घेतलं की लोक त्यातलं जगण्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ४२ हा आकडा सांगतात, अंतराळप्रवासात जवळ हवाच म्हणून टॉवेल खांद्यावर टाकतात. दर २५ मे ला टॉवेल दिवसही साजरा होतो, गंमत म्हणून छानच आहे. पण पुस्तकाचा पहिला भाग घर जाण्याबद्दल आहे. आधी एकाचं घर जातं, मग सगळ्यांचं. मराठवाड्यात राहून हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळत असेल तर त्यात नवल नाही.

गंजगोलाईंना उत्तर द्यायचं राहिलं. ॲडम्सनं प्रत्येक माध्यमात गोष्ट बदलली हे अगदी मान्य. पण रेडिओ, पुस्तक, टीव्ही, तिन्हीत एक गोष्ट त्यानं कधी सोडली नाही, ती म्हणजे सांगणाऱ्याचा निवांतपणा. गोष्टीच्या मधे थांबून तो तुम्हाला भलतंच काहीतरी समजावून सांगतो, आणि ते भलतंच नंतर कामाला येतं. सिनेमा पावणेदोन तासांचा, त्यात हे बसवणं अवघड, हे कळतं. पण मग हुमा कवुलाचा अख्खा तुकडा आत आणून पुढं अर्धवट सोडून द्यायची काय गरज होती? त्याला झाफॉडचं एक डोकं ओलीस ठेवायला मिळतं आणि मग तो सिनेमातून नाहीसाच होतो. तेवढ्या वेळात बिबट्या, चिखलातला प्रॉसर आणि हॅम्बर्गर तिन्ही आले असते.

आणि झाफॉडचं दुसरं डोकं हनुवटीखालून उसळतं ते मला आजही बघवत नाही. सॅम रॉकवेल मात्र जोरदार.

चांगलं लिहायचं कबूल केलं होतं, तर तेही लिहितो. मार्टिन फ्रीमनचा आर्थर. सगळं जग उलटंपालटं होत असताना चहा मिळेल का, एवढ्यासाठी धडपडणारा साधा माणूस त्यानं कुठंही नाटकी न होता उभा केलाय. स्लार्टीबार्टफास्ट त्याला ग्रह बनवायचा कारखाना दाखवायला घेऊन जातो तो प्रसंग. त्या अफाट पोकळीत एकामागोमाग एक अर्धेकच्चे ग्रह येत जातात. हे कुठल्याही वाक्यात आलं नसतं, तिथं सिनेमाच पाहिजे. सुरुवातीचं डॉल्फिनचं गाणं. आणि शेवटची ॲडम्सला वाहिलेली अर्पणपत्रिका, त्यावर आमच्या कट्ट्यावरचे भांडणारेही गप्प झाले.

गुलमंडी

एक सूचना. नावं वर सरकायला लागली की उठू नका. तिथं मधेच ‘गाइड’चा एक तुकडा आहे. आर्थरचं एक साधं वाक्य काळाच्या भोकातून दूर कुठंतरी पोचतं, दोन जमातींत युद्ध पेटतं, त्यांचं भलंमोठं आरमार सूड घ्यायला पृथ्वीवर येतं, आणि मोजमापात घोळ झाल्यामुळं एक लहानसं कुत्रं ते आरमार गिळून टाकतं. पूर्ण सांगितलंय, घाई न करता. सगळा सिनेमा असा असता तर हा धागा निघालाच नसता.

कयाधू

मी हिंगोलीचा, यातलं काहीच वाचलेलं-पाहिलेलं नाही, तरी सगळा धागा वाचला. कथानक कळलं तर कळलं. मुलगी नववीत आहे, वाचनाची आवड आहे, इंग्रजी बरं आहे. तिला आधी पुस्तक देऊ की सिनेमा दाखवू? आणि पुस्तकं किती आहेत?

मुकुंदराजांच्या गावची

कयाधू, ॲडम्सनं स्वतः लिहिलेली पाच. पहिलं १९७९ चं, शेवटचं १९९२ चं. सहावं त्याच्या मागं दुसऱ्या लेखकानं लिहिलंय, त्याची घाई नको. नववीतल्या मुलीला पहिलं पुस्तक द्या आणि सुरुवातीची काही प्रकरणं तुम्ही तिच्याबरोबर मोठ्यानं वाचा. वाक्यं लांब आहेत, डोळ्यांनी वाचताना मुलं मधेच सोडून देतात, कानावर पडली की धरतात. देवमाशापर्यंत पोचलात की मग सिनेमा दाखवा. आधी सिनेमा दाखवला तर पुस्तकातला आर्थर तिला स्वतःचा असा दिसणारच नाही, फ्रीमनच दिसेल.

गंजगोलाई

मी आधी सिनेमा बघितला आणि माझं काही बिघडलं नाही. मुलगी वाचणारी असेल तर कशानंही सुरुवात करा. पण मोठ्यानं वाचायचं मॅडमचं म्हणणं सोळा आणे.

गोदाकाठ

कट्ट्यावर ठरलंय की येत्या रविवारी १९७८ च्या रेडिओ मालिकेचा पहिला भाग सगळ्यांनी मिळून ऐकायचा. कोरडवाहू दादा, तुम्ही सिनेमा बघायचा नाही म्हणालात, पण हे ऐकायला या. पोरालाही आणा. कपाट आणि बिबट्या यात पुरता आहे, काहीही कापलेलं नाही. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

कोरडवाहू

रविवारी तारीख नाही, येतो. पोराला विचारलं, तो म्हणला, शेंगा घेऊन चला, फोर्ड पृथ्वीवरून निघताना आर्थरला शेंगदाणेच खायला लावतो. यंदा भुईमूग बरा झालाय. पोतं आणतो.